उपसा : शेवाळ परत परत का येतं, याचा इतिहास

आजचा विषय ऐकून काहींना हसू आलं असेल. इतिहासाच्या व्याख्यानात पोहण्याच्या तलावातलं शेवाळ कशाला? पण गेल्या काही वर्षांत आपल्या भागात एक नवी गोष्ट घडली आहे. कर्जत, नेरळ, बदलापूर, मुरबाड या पट्ट्यात बंगले आणि फार्महाऊस उभी राहिली आणि त्यांच्या अंगणात निळ्या टाइल्सचे छोटे तरणतलाव आले. मोठ्या गृहसंकुलांत तर ते आता ठरलेलेच असतात. आणि या सगळ्यांची तक्रार एकच. औषध टाकलं की पाणी निळं होतं, आठ-पंधरा दिवसांत कोपऱ्यात हिरवट छटा दिसते, महिन्याभरात पायऱ्या बुळबुळीत होतात. मग पुन्हा औषध. शेवटी कंटाळून सगळं पाणी सोडून द्यायचं आणि टँकर मागवायचा.

आमचं म्हणणं असं की हा प्रश्न नवा नाही. साठवलेल्या पाण्यावर शेवाळ धरणं ही आपल्या कोकणपट्टीतली निदान दोन हजार वर्षांची डोकेदुखी आहे. या काळात माणसांनी दोन वेगळी कामं केली. एक, आलेलं शेवाळ मारणं. दुसरं, शेवाळ येऊच न देणं. ही दोन्ही कामं एकच आहेत असं आपण धरून चालतो आणि तिथेच फसतो. पहिलं काम विसाव्या शतकात फार सोपं झालं आणि त्या सोपेपणात दुसरं विसरलं गेलं. आजचं व्याख्यान त्या विसरलेल्या कामाविषयी आहे.

आधी शेवाळ म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. शब्द जुना आहे, संस्कृत ‘शैवाल’पासून आलेला. रोजच्या बोलण्यात आपण दगडावरच्या हिरव्या थरालाही शेवाळ म्हणतो आणि तळ्यावरच्या तवंगालाही. पाण्यातलं शेवाळ म्हणजे बहुतेक वेळा सूक्ष्म, हिरवी, सूर्यप्रकाशावर जगणारी सजीवसृष्टी. तिला चार गोष्टी लागतात : उजेड, ऊब, संथ पाणी आणि खाद्य. खाद्य म्हणजे प्रामुख्याने नायट्रोजन आणि फॉस्फरस. तिचं बी वाऱ्याबरोबर, पावसाबरोबर, पक्ष्यांच्या पायांबरोबर, आपल्या पोहण्याच्या कपड्यांबरोबर कुठेही पोहोचतं. त्यामुळे बी अडवणं अशक्य आहे. आपल्या हातात आहेत त्या या चार गोष्टी.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातल्या एका अध्यायात पाण्याचा विस्ताराने विचार केला आहे. चिखल, शेवाळ, गवत आणि कमळाची पानं यांनी झाकलेलं, सूर्य-चंद्राचे किरण आणि वारा न पोहोचणारं पाणी तिथे बिघडलेलं मानलं आहे. गंमत म्हणजे गढूळ पाणी निवळवण्याचे जे सात उपाय त्याच अध्यायात सांगितले आहेत, त्यांत निवळीच्या बियांबरोबर शेवाळाचं मूळही येतं. म्हणजे जुन्या वैद्याच्या नजरेत शेवाळ सरसकट शत्रू नव्हतं. पाणवनस्पती कुठे, किती आणि कशा पाण्यात आहे, यावर तिचा गुणदोष ठरत होता.

आता ग्रंथातून प्रत्यक्ष जागेवर येऊ. बोरिवलीच्या जंगलातली कान्हेरीची लेणी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. लेण्यांसमोर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. ब्राह्मी शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ असा शब्द येतो. त्यांतल्या एका लेखात दात्याचं नाव आहे : कल्याणचा सोनार सामिदत. आज आपण ज्या कल्याणहून लोकल पकडतो, त्याच कल्याणच्या एका कारागिराने सातवाहनकाळाच्या सुमारास भिक्षूंसाठी पाण्याचं टाकं दान दिलं. लेणं, मूर्ती, स्तूप यांच्या बरोबरीने पाण्याचं टाकं हे पुण्याचं काम होतं.

या टाक्यांची रचना नीट पाहावी. तोंड लहान, पोट मोठं. बरीचशी अंगणाच्या कडेला, कातळाच्या आत शिरलेली. कातळात वाहून आलेलं पावसाचं पाणी आत जमा होतं, पण ऊन आत शिरत नाही. सह्याद्रीच्या किल्ल्यांवर याचंच पुढचं रूप दिसतं, ते म्हणजे खांबटाकं. कातळाचं छत तसंच ठेवून खाली खांब सोडत खोदत जायचं. फाल्गुन-चैत्रातही तिथलं पाणी गार आणि नितळ असतं. त्याच गडावरचं उघडं तळं मात्र होळीपर्यंत हिरवं झालेलं असतं. पाणी एकाच पावसाचं, कातळ एकच, फरक फक्त छताचा. उजेड तोडला की शेवाळ उपाशी मरतं, हे त्या पाथरवटांना शास्त्र म्हणून माहीत असेल-नसेल, पण अनुभव म्हणून नक्की माहीत असावं. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त गडावरच्या पाण्याची जी काळजी दिसते, तीही याच जातीची आहे. एका झऱ्यावर विसंबू नये, साठवणीची टाकी बांधावीत, पाणी जपून वापरावं, असा तो विचार आहे. दीर्घ काळ टिकणारं पाणी म्हणजे आधी राखणीचं पाणी.

पण सगळं पाणी झाकता येत नाही. शेतीची विहीर उघडीच लागते. मग तिथे काय केलं जाई? साताऱ्याजवळ लिंब गावी बारामोटेची विहीर आहे. १७१९ ते १७२४ या काळात विरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. तिच्यावर मोटा चालवायच्या जागा आहेत आणि ते पाणी आमराईला जात असे. अशा विहिरीचं पाणी हिरवं व्हायला सवडच मिळत नाही, कारण ते रोज उपसलं जातं आणि खालून नवं झिरपतं. आपल्याकडच्या जुन्या माणसांना विचारा. वापरातली विहीर आणि बंद पडलेली विहीर त्यांना लांबून ओळखता येते. वापर थांबला की दोन पावसाळ्यांत पाण्यावर साय धरते.

आणि मग वर्षाचा मोठा उपसा. चैत्र-वैशाखात पाणी तळाला गेलं की विहिरीत उतरायचं, उरलेलं पाणी काढायचं, गाळ घमेल्यांनी वर द्यायचा, भिंती घासायच्या, कपारीतली झुडपं उपटायची. जमलं तर चुना टाकायचा. काढलेला गाळ फेकून देत नसत. तो शेतात जाई, कारण तो उत्तम खत असतो. मंडळी, आजच्या आपल्या विषयाची किल्ली इथे आहे. गाळ शेतात खत का ठरतो? त्यात फॉस्फरस आणि नायट्रोजन आहे म्हणून. म्हणजे वर्षभर पाण्यात पडलेली पानं, पाखरांची विष्ठा, मेलेलं शेवाळ, वाहून आलेली माती, या सगळ्यांतलं खाद्य तळाशी साठतं. ते बाहेर काढलं नाही तर पुढच्या उन्हाळ्यात त्याचंच पुन्हा शेवाळ होतं. उपसा म्हणजे पाण्याची वही साफ करणं. जमा झालेली बाकी दरवर्षी फेडून टाकणं.

इथे एक सावधगिरी. जुनं ते सगळं छान होतं, अशा सुरात बोलणं आम्हाला मान्य नाही. हा उपसा करणारे हात कोणाचे होते आणि त्या पाण्याला हात लावायची मुभा कोणाला होती, हे विचारावंच लागतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला. नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव आधीच झाला होता, तरी प्रत्यक्ष पाणी पिण्यासाठी मार खावा लागला. त्यानंतर सनातन्यांनी तळ्याचं ‘शुद्धीकरण’ केलं. १०८ घागरींनी शेण, गोमूत्र, दूध, दही त्या पाण्यात मिसळलं. रसायनाच्या भाषेत बोलायचं तर शेवाळाला लागणारं खाद्यच तळ्यात ओतलं. माणसाच्या स्पर्शाने पाणी बिघडतं आणि शेणाने सुधारतं, या समजुतीत ‘शुद्ध’ आणि ‘स्वच्छ’ या दोन शब्दांची किती घातक गल्लत होती, ते इथे दिसतं. तळ्यावरचा हक्क उच्च न्यायालयात कायम व्हायला १९३७ साल उजाडलं. पाण्याचा इतिहास सांगताना हे वगळून पुढे जाता येत नाही.

आता एकोणिसाव्या शतकाकडे वळू. १८६०मध्ये विहार तलाव पूर्ण झाला आणि मुंबईला नळाचं पाणी मिळू लागलं. १८७९मध्ये तुळशी आला, १८९१च्या सुमारास पवई. पवईचं पाणी तर थोड्याच काळात पिण्यालायक नाही असं ठरलं. नळ आला ही मोठीच सोय झाली, लाखो जीव वाचले. पण नळाबरोबर विहिरींचा वापर कमी होत गेला. वापर गेला, उपसाही गेला आणि शहरातल्या शेकडो विहिरी संथ, उघड्या, हिरव्या डबक्यांसारख्या झाल्या. त्यांत डास आले. १९११मध्ये डॉ. बेंटली यांचा मुंबईतल्या हिवतापावरचा अहवाल आला आणि विहिरी बुजवा किंवा झाका, असा आग्रह सुरू झाला. लोकांचा विरोध झाला, कारण विहीर म्हणजे नुसतं पाणी नव्हे, श्रद्धेची जागाही होती. रुस्तम मसानी यांचं विहिरींच्या लोकश्रद्धांवरचं १९१८चं पुस्तक याच वादाच्या पार्श्वभूमीवर लिहिलेलं आहे. पारशी समाजाला विहिरीच्या पाण्यावर सूर्यप्रकाश पडायला हवा होता, आरोग्य खात्याला विहीर झाकायला हवी होती. आपल्या कान्हेरीच्या टाक्याचा प्रश्नच वेगळ्या रूपात समोर आला : उजेड द्यायचा की तोडायचा?

याच काळात जगात दुसरी एक गोष्ट घडत होती, आणि तिने आपल्या विषयाची दिशा बदलली. १८८५च्या सुमारास फ्रान्समधल्या बोर्दो भागात द्राक्षवेलींवरच्या रोगावर मोरचूद आणि चुना यांचं मिश्रण लागू पडतं, हे मियार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखवलं. आपले नाशिकचे बागायतदार आजही बोर्डो मिश्रण म्हणतात ते हेच. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. १९०४मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या मूर आणि केलरमन यांनी एक पुस्तिका प्रसिद्ध केली : अगदी थोडं मोरचूद पाण्यात सोडलं तर जलाशयातलं शेवाळ मरतं. गोणपाटात मोरचुदाचे खडे बांधायचे, होडीमागे ओढत न्यायचे, काम झालं. जगभरच्या पाणीपुरवठा खात्यांनी ही रीत उचलली. पुढे १९०८मध्ये न्यू जर्सीत डॉ. जॉन लील यांनी जर्सी सिटीच्या पाण्यात क्लोरीनचा नियमित वापर सुरू केला. कॉलरा-टायफॉइडसारख्या रोगांना रोखण्यात क्लोरीनचं स्थान इतकं मोठं आहे की त्याविरुद्ध कोणी बोलू नये, आणि आम्हीही बोलत नाही.

पण या दोन औषधांनी एक सवय लावली. शेवाळ दिसलं की मारायचं. मेलेलं शेवाळ कुठे जातं, हा प्रश्न कोणी विचारीना. ते तळाशी जातं, कुजतं आणि त्याच्या पेशींतला फॉस्फरस पुन्हा पाण्यात मोकळा होतो. नव्या शेवाळासाठी ताट वाढलेलं तयार. शिवाय तांबं काही नाहीसं होत नाही. ते गाळात साठतं, माशांना विषारी ठरतं, तरणतलावात टाइल्सवर डाग पाडतं. पोहून पोहून पिकल्या किंवा फिक्या केसांना हिरवट झाक येते, तिचा दोष लोक क्लोरीनला देतात. ती बहुतेक वेळा तांब्याची करामत असते.

औषधावरचा हा भरवसा हलला तो १९६०-७०च्या दशकांत. कपडे धुण्याच्या पावडरींत तेव्हा भरपूर फॉस्फेट असे. ते सांडपाण्यातून सरोवरांत गेलं आणि अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरचं ईरी सरोवर हिरवं होऊ लागलं. दोष कशाचा, यावर जोरदार वाद झाला, कारण साबण उद्योगाचा पैसा त्यात गुंतला होता. १९७३मध्ये कॅनडात डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी एक छोटं सरोवर मधोमध जाड पडदा लावून दोन भागांत विभागलं. त्याला नाव नव्हतं, फक्त क्रमांक होता : २२६. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन सोडलं, फॉस्फरस मात्र एकाच भागात. फॉस्फरस टाकलेली बाजू हिरवीगार झाली, दुसरी स्वच्छ राहिली. विमानातून काढलेल्या त्या एका छायाचित्राने वादाचं पारडं फिरवलं. सिएटलजवळच्या वॉशिंग्टन सरोवरात याची दुसरी बाजू दिसली. १९६३ ते १९६८ या काळात तिथलं सांडपाणी दुसरीकडे वळवलं आणि सरोवर हळूहळू आपोआप नितळ झालं. कोणी मोरचूद टाकलं नाही. फक्त ताट काढून घेतलं.

हिशेब सोपा आहे. एका ग्रॅम फॉस्फरसवर वाळलेल्या वजनाने शंभर ग्रॅमच्या आसपास शेवाळ उभं राहू शकतं. म्हणून चिमूटभर खाद्यही महाग पडतं. आणि म्हणूनच आपल्या पूर्वजांचा गाळाचा उपसा हे नुसतं झाडलोटीचं काम नव्हतं. नाव माहीत नसताना ते फॉस्फरसच बाहेर काढत होते.

आता पुन्हा घरी येऊ. ठाणे म्हणजे तळ्यांचं शहर. मासुंदा तलाव, त्याच्या काठचं कौपिनेश्वराचं देऊळ, कचराळी, सिद्धेश्वर, उपवन, अशी तीसपस्तीस तळी आजही मोजता येतात, पूर्वी ती याहून बरीच जास्त होती. कल्याणला काळा तलाव आहे, जुन्या गॅझेटिअरमध्ये शेणाळे म्हणून ज्याचा उल्लेख येतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या तळ्यांचे काठ सिमेंटने बांधले गेले, भोवती वस्ती दाटली, सांडपाणी झिरपू लागलं. उपसा थांबला, भर मात्र वाढली. त्यातली एक भर आपल्या भक्तीची होती : निर्माल्य आणि मूर्ती. हार, दूर्वा, दूध, नैवेद्य हे सगळं तळाशी कुजतं आणि खाद्य होतं.

इथे ठाण्याने एक चांगलं काम केलं, ते नोंदवायला हवं. ठाणे महापालिकेने विसर्जनासाठी कृत्रिम तलाव करण्याची प्रथा रुजवली, पर्यावरण दक्षता मंडळासारख्या संस्थांनी निर्माल्य वेगळं गोळा करण्यासाठी वर्षानुवर्षं काम केलं, बांदोडकर विज्ञान महाविद्यालयाच्या अभ्यासकांनी तळ्यांचं पाणी चिकाटीने तपासलं. २०१०मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने विसर्जनाची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि २०२०मध्ये ती अधिक कडक केली. निर्माल्य तळ्यात पडण्याआधीच उचलणं म्हणजे शेवाळाच्या तोंडचा घास काढणं. हा उपसाच आहे, फक्त तो काठावर होतो, एवढंच.

उलट उदाहरण उल्हास नदीचं. आपण इथे कोपरला बसलो आहोत, पलीकडे खाडी आहे. खाडीत दिवसातून दोनदा भरती-ओहोटी होते, पाणी हलतं. पण वर कल्याणच्या पुढे, जिथे नदी संथ आहे, तिथे उन्हाळ्यात जलपर्णीचा गालिचा पसरतो. जलपर्णी शेवाळ नव्हे, पण भूक तीच. ती यंत्राने किंवा हाताने काढून काठावर नेली तर नदीतलं खाद्य नदीबाहेर जातं. औषध फवारून जागीच मारली तर ती कुजते आणि सगळं परत पाण्यात. वर सांडपाणी चालूच. मग पुढच्या वर्षी तेच छायाचित्र वर्तमानपत्रात येतं, फक्त तारीख बदललेली असते.

आता मूळ तक्रारीकडे येऊ, बंगल्यातल्या तरणतलावाकडे. समजा तो आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल आहे. पाणी झालं सुमारे ४५ हजार लिटर. म्हणजे दहा हजार लिटरचे साडेचार टँकर. आता हे लक्षात घ्या की आपल्याच जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात तानसा, भातसा यांसारखी मुंबईला पाणी देणारी धरणं आहेत आणि त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. अशा जिल्ह्यात शेवाळ आलं म्हणून ४५ हजार लिटर पाणी गटारात सोडणं ही खासगी बाब राहत नाही. म्हणून शेवाळ येऊ न देण्याचं महत्त्व पाणी निळं दिसण्यापेक्षा मोठं आहे.

तरणतलावात क्लोरीन लागतोच, पहिल्यांदा रोगजंतूंसाठी आणि मग शेवाळासाठी. पण उन्हात उघडा क्लोरीन टिकत नाही, तासाभरात निम्म्याहून जास्त उडतो. यावर साधारण १९६०च्या सुमारास तोडगा निघाला : सायन्यूरिक आम्ल. ते क्लोरीनला उन्हापासून सांभाळतं. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पांढऱ्या गोळ्यांत, ज्यांना टीसीसीए म्हणतात, क्लोरीन आणि हे आम्ल एकत्रच असतं. सोय मोठी. पण क्लोरीन वापरला जातो आणि आम्ल पाण्यातच राहतं. गोळ्यांतून दर लिटरमागे १० मिलिग्रॅम क्लोरीन गेला की सहा मिलिग्रॅम आम्ल मागे उरतं. रोज दोन मिलिग्रॅम क्लोरीन लागत असेल तर तीन महिन्यांत आम्ल शंभराच्या पुढे जातं. आणि आम्ल जितकं जास्त, तितका क्लोरीन बांधलेला आणि मंद. शेवाळ रोखायला क्लोरीन साधारण आम्लाच्या साडेसात टक्के लागतो. आम्ल ३० असेल तर सव्वादोन पुरतं, शंभर झालं तर साडेसात हवा. लोक मात्र पट्टी बुडवून एक-दोन पाहतात आणि म्हणतात, क्लोरीन तर आहे, मग पाणी हिरवं कसं?

इथे आपला जुना शब्द परत येतो. या आम्लावर रोजच्या वापरातलं औषध नाही. ते कमी करायचं तर पाणी बदलावं लागतं. म्हणजे अत्याधुनिक रसायनशास्त्रही शेवटी उपशावरच येऊन थांबतं. प्रश्न इतकाच की टँकर न मागवता उपसा कसा करायचा?

उत्तर आपल्या आभाळात आहे. ठाणे जिल्ह्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे उघड्या तलावावर चार महिन्यांत अडीच मीटर उंचीचं पाणी पडतं आणि आपला तलाव खोल आहे १.४ मीटर. काठाची ओसंडवाट मोकळी ठेवली तर पावसाळा स्वतःच निम्म्याहून अधिक पाणी बदलून देतो, फुकट. पण बहुतेक घरमालक करतात उलटं. पावसाळ्यात पोहायला कोणी येत नाही म्हणून पंप बंद, क्लोरीन बंद. आणि श्रावणातल्या उघडिपीत पाणी हिरवं. त्याऐवजी पावसाळाभर पंप रोज थोडा चालवावा, क्लोरीन राखावा आणि जास्तीचं पाणी वाहू द्यावं. गणपतीनंतर आम्ल मोजावं. ते तीस ते पन्नासच्या दरम्यान असलं की पुढचं वर्ष सुरळीत जातं. पावसाच्या पाण्याने पाण्याचा आम्ल-विम्लपणा घसरतो, तोही तपासून पीएच ७.२ ते ७.६च्या दरम्यान आणावा. उन्हाळ्यात गोळ्यांवर पूर्ण विसंबू नये, मधूनमधून द्रवरूप क्लोरीन वापरावा, त्यात आम्ल नसतं. आणि एक कडक सूचना : गोळ्यांची पूड आणि ब्लीचिंग पावडर यांसारखी दोन वेगळी क्लोरीनची औषधं कोरडी एकत्र करू नयेत, एकाच डब्यात ठेवू नयेत. त्यातून आग आणि स्फोट होऊ शकतो.

बाकीची कामं विहिरीच्या उपशासारखीच आहेत. दर आठवड्याला भिंती आणि कोपरे घासायचे, विशेषतः शिडीच्या मागे आणि दिव्यांभोवती, कारण चिकट थराखाली शेवाळ औषधापासून लपतं. तळाचा गाळ ओढून फिल्टरकडे न नेता थेट बाहेर काढायचा. फिल्टर वेळच्या वेळी उलट धुवायचा. गुलमोहराच्या पाकळ्या आणि पानं रोज जाळीने उचलायची, ती कुजायच्या आत. पोहण्याआधी अंग धुवायचं. आणि एक गोष्ट जी फार थोडे पाहतात : हिरवळीला घातलेलं डीएपी खत, कुंड्यांतलं शेणखत. पहिल्या पावसात ते तलावात वाहून येतं. काठ हिरवळीपेक्षा चार बोटं उंच ठेवला तर अर्धं काम झालं. क्षार आणि डाग रोखणाऱ्या काही औषधांतही फॉस्फरसच असतो, तेव्हा डब्यावर काय लिहिलंय ते वाचावं. दुपारच्या उन्हात कापडाचं किंवा जाळीचं आच्छादन ओढता आलं तर क्लोरीन वाचतो आणि उजेडही तुटतो. हे आपलं घरगुती खांबटाकं. धुताना निघालेलं पाणी क्लोरीन उडेपर्यंत दोन-तीन दिवस उन्हात ठेवून झाडांना द्यावं.

या यादीत एकही चमत्कार नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. मारण्याच्या उपायाला एक दिवस लागतो आणि तो विकत मिळतो. येऊ न देण्याचा उपाय वर्षभर चालतो आणि त्याला माणूस लागतो. पूर्वी गावात उपशाचा दिवस ठरलेला असे, म्हणून तो व्हायचा. आपल्या सोसायट्यांच्या बैठकांत रंगकामाची तारीख ठरते, गणपतीची वर्गणी ठरते. तलावाच्या, टाकीच्या आणि आपल्या वॉर्डातल्या तळ्याच्या उपशाची तारीख ठरते का? आजच्या चर्चेतून निदान एवढी एक तारीख प्रत्येकाच्या वहीत लिहिली गेली तर व्याख्यानाचं काम झालं असं आम्ही समजू.